आपल्या कराटे-सरांचा वस्ताद कोण?

यंदाच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी कराटेचे प्रात्यक्षिक केले. कौले फोडली, एकमेकांना आपटले, शेवटी रांगेत उभे राहून बाबासाहेबांच्या प्रतिमेला वाकून अभिवादन केले. सूत्रसंचालन करणारा कार्यकर्ता उत्साहात होता. त्याने माईकवर सांगितले की कराटे ही मुळात आपलीच विद्या आहे, बोधिधर्म नावाचा बौद्ध भिक्खू भारतातून चीनला गेला, त्याने शाओलिनच्या भिक्खूंना ती शिकवली आणि तिथून ती जपानला पोहोचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

कार्यक्रमानंतर मुलांना शिकवणाऱ्या सरांबरोबर चहा घेताना मी सहज विचारले, सर, तुम्ही कराटेकडे कसे वळलात? त्यांच्या उत्तरात बोधिधर्म कुठेच नव्हता. लहानपणी टीव्हीवर पाहिलेला ब्रूस ली होता. पोलीस भरतीची तयारी होती, जी दोन वेळा थोडक्यात हुकली. आणि अगदी शेवटी, जणू त्याला काही महत्त्व नाही अशा आवाजात ते म्हणाले, "आमचा आजा गावचा जागल्या होता. त्याची काठी अजून घरात आहे. पहिले दोन हात त्यानेच शिकवले."

हा लेख त्या काठीबद्दल आहे. पण आधी बोधिधर्माचा हिशेब करावा लागेल, कारण ही कथा आपल्या मंचावरून वारंवार सांगितली जाते आणि आपण ती तपासत नाही. भटाने सांगितलेली पोथी तपासायची आणि आपल्याला आवडलेली गोष्ट मात्र तपासायची नाही, हे तथागताच्या धम्मात बसत नाही.

बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख इ.स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग शहरातील विहारांचे वर्णन करणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. तिथे तो इराणकडून आलेला भिक्खू आहे. पुढे सातव्या शतकात दाओश्वान या भिक्खूने चरित्रे लिहिली, त्यात तो दक्षिण भारतातला झाला, आणि कुळ कोणते, तर ब्राह्मण! म्हणजे ज्या कथेवर आपण 'आपली विद्या' म्हणून टाळ्या वाजवतो, ती जुन्या नोंदीप्रमाणे धरायची तर विद्येचे श्रेय पुन्हा कुठे जाऊन पडते ते पाहा. गंमत बाजूला ठेवू. मुद्दा असा की या दोन्ही जुन्या नोंदींत बोधिधर्म मुष्टियुद्धाचा शिक्षक नाही. त्याच्या नावावर व्यायामविद्या चढवणारे पुस्तक १६२४ चे आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांनी लिहिलेले. शाओलिनचे भिक्खू लढले याची खरी नोंद इ.स. ६२१ ची आहे. तांग घराण्याच्या बाजूने ते एका लढाईत उतरले आणि त्याबद्दल विहाराला जमीन मिळाली. ७२८ च्या शिलालेखात हे कोरलेले आहे. त्यात बोधिधर्माने शिकवले असे काही नाही. १९३० च्या दशकातच चिनी संशोधकांनी ही कथा खोडून काढली होती. आपण अजून तिथेच आहोत.

दुसरी गोष्टही आपल्यात लोकप्रिय आहे. ओकिनावातल्या गुलाम शेतकऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली, म्हणून त्यांनी रिकाम्या हाताची विद्या शोधली, अशी. ही ऐकायला आणखी गोड, कारण त्यात शोषित आहे आणि त्याचे बंड आहे. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी र्‍यूक्यू राज्य जिंकले हे खरे. १८७९ मध्ये जपानने ते पूर्ण गिळून ओकिनावा प्रांत केला हेही खरे, आणि त्यानंतर ओकिनावाच्या माणसाला जपानमध्ये हलका समजले गेले, त्याच्या भाषेची टिंगल झाली. पण ही हातविद्या जपणारे लोक मुख्यतः दरबारातले होते. पेचिन नावाचा तो पगारदार वर्ग. शेतकऱ्याच्या पोराला त्यांच्या अंगणात प्रवेश नव्हता. शिकवणी गुपचूप, घराण्यातल्या घराण्यात चालायची.

मग ती सगळ्यांची कशी झाली? इथे खरी शिकण्यासारखी गोष्ट आहे. इतोसु आंको नावाचे एक वृद्ध वस्ताद राजाच्या दरबारात लेखनिक होते. राज्य बुडाले, दरबार संपला. १९०१ मध्ये त्यांनी ही विद्या शुरी गावच्या प्राथमिक शाळेत नेली आणि १९०८ मध्ये ती सर्व शाळांत शिकवावी म्हणून सरकारला दहा कलमी पत्र लिहिले. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे शाळामास्तर. १९२२ मध्ये ते टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. आज नंदुरबारच्या क्लासमध्ये भिंतीवर ज्यांचा फोटो असतो ते हेच. म्हणजे कराटे जन्माला शोषिताच्या घरी आले नाही. ते शाळेत गेले, म्हणून शोषिताच्या हाती लागले. दरवाजा कोणी उघडला, हा प्रश्न विद्या कोणाच्या घरची यापेक्षा मोठा आहे.

आता काठीकडे येऊ.

खानदेशात जागल्या म्हणजे गावाची रात्रीची राखण करणारा, आणि हे काम बहुतेक ठिकाणी भिल्लाकडे असे. महाराकडे वेस असे, म्हणून तो वेसकर. पुण्याकडे रामोशी. मांगांकडेही राखणीचे काम होते. या यादीकडे नीट बघा. ज्याला गावकुसाच्या आत राहू द्यायचे नाही, त्याच्याच भरवशावर गाव झोपत होते. काठी, भाला, तिरकमठा चालवण्याचे कौशल्य याच लोकांकडे पिढ्यानपिढ्या होते. मात्र ते कौशल्य स्वतःच्या अंगणात वापरायची मुभा नव्हती. ते गावासाठी, पाटलासाठी, किल्लेदारासाठी. मोबदला काय? भाकरीचा बलुता. या माणसाला कोणी वस्ताद म्हटले नाही. तो फक्त जागल्या होता. क्षत्रियत्व वेगळ्या घरी मोजले जात होते.

एकलव्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ती कथा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात नोंद असलेला इतिहास पुरेसा आहे. इंग्रजांनी खानदेश घेतल्यावर भिल्लांना बंदुकीने आवरता येईना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभी केली. युक्ती साधी होती: ज्याच्या हातात कसब आहे त्याला गणवेश द्या आणि त्याच्याच भावाला आवरायला लावा. ही युक्ती इंग्रजांची नवी नव्हती, गावगाड्याचीच मोठी आवृत्ती होती. पण कधी कधी हात मालकाचे ऐकत नाही. सेंधवा घाटाच्या रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. शाळेच्या पुस्तकात अठराशे सत्तावन्न म्हणजे मेरठ, झाशी, कानपूर. अंबापाणी आपल्याच डोंगरात असून आपल्या पोरांना ठाऊक नसते.

राखणदाराचा वस्ताद कधी झाला, हे पाहायचे तर पुण्याला जावे लागते.

१८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली. हा निबंध आपण धर्माच्या प्रश्नासाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात एक जागा आहे जी मला या विषयासाठी फार महत्त्वाची वाटते. पेशवाईच्या काळात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असे ती लिहिते. मंदिर नाही, विहीर नाही, तालीमखाना! शस्त्र शिकण्याची जागा नजरेने पाहणेही मरणाचे. आणि हे कोणाच्या बाबतीत? ज्यांच्या घरांत किल्ल्यांच्या राखणीचा वारसा होता त्यांच्या.

मुक्ता ज्यांच्या नात्यातली म्हणून सांगितली जाते, ते लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचा. घराण्याकडे पुरंदरच्या राखणीचे काम. वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढून पडले, असे लहुजींची चरित्रे सांगतात. हेही लपवू नये. अनेकांना ते अडचणीचे वाटते, कारण त्यानंतर दोनच महिन्यांत, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावला महार सैनिक समोरच्या बाजूने लढले. पण अडचण कसली? दोन्हीकडे हात आपलेच होते आणि दोन्ही झेंडे दुसऱ्याचे. हा आपल्या इतिहासाचा न टाळता येणारा भाग आहे.

लहुजींनी पुढे जे केले ते मात्र त्यांचे स्वतःचे. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांतच त्यांनी पुण्यात गंज पेठेत तालीम काढली. दांडपट्टा, बोथाटी, निशाणबाजी, कुस्ती. ज्या शहरात तालमीसमोरून जाण्याची शिक्षा डोक्याने भरावी लागे, तिथे आता मांग वस्ताद झाला, आणि शिकायला वरच्या जातीची पोरे त्याच्या तालमीत येऊ लागली. वासुदेव बळवंत फडके हे त्यांच्याकडे शिकले असे सांगितले जाते. जोतीरावांचे तर सांगोवांगी नाही. लहुजींकडून दांडपट्टा आणि निशाण मारणे शिकल्याचे जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या वयात त्यांच्या डोक्यात इंग्रजांना हाकलण्याचे विचार होते. पुढे त्यांना कळले की गुलामगिरीचे मूळ आणखी खोल आहे, आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. तालीम ते शाळा, हा प्रवास केवळ शिष्याचा नव्हे, वस्तादाचाही आहे. लहुजींनी मांग-महारांच्या मुलांना फुल्यांच्या शाळेत धाडण्यासाठी वस्त्या पालथ्या घातल्या. इतोसु ओकिनावात तालीम शाळेत नेत होते, त्याच्या अर्धशतक आधी पुण्यात एक वस्ताद तालमीतली पोरे शाळेत नेत होता. माझ्या मते लहुजींची ही बाजू त्यांच्या दांडपट्ट्यापेक्षा मोठी आहे. आज त्यांच्या जयंतीला तलवारीचा फोटो छापतात, शाळेचा कोणी छापत नाही.

आणखी एक प्रसंग जोतीरावांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. १८५६ मध्ये त्यांना मारण्यासाठी दोन मारेकरी रात्री घरात शिरले. एक रोडे नावाचा रामोशी, दुसरा धोंडीराम नामदेव कुंभार. पाठवणारे वेगळे, पण हत्यार धरणारे हात पुन्हा बहुजनांचेच. जोतीरावांनी त्यांना विचारले, मी तुमचे काय वाकडे केले? पुढे रोडे त्यांचा रक्षक झाला आणि धोंडीराम शिकून सत्यशोधक समाजाचा पंडित. हा प्रसंग आपण क्षमाशीलतेची गोष्ट म्हणून सांगतो. मला तो वेगळा दिसतो. कसब असलेल्या हाताला पहिल्यांदाच कोणीतरी विचारले की तू कोणासाठी वार करतोस?

हा प्रश्न आजचा आहे. आपल्या भागातही आखाडे आहेत, लाठीचे वर्ग आहेत, सणावाराला मिरवणुकीत तलवारी फिरवणारी पोरे आहेत. ती कोणत्या वस्तीतली आहेत ते जाऊन पाहा. गुन्हा दाखल झाल्यावर कोर्टाच्या तारखांना कोणाची आई उभी असते, तेही पाहा.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. फौजेने त्यांना बंदुकीइतकीच मोठी दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. शस्त्र चालवणारा आणि अक्षर शिकवणारा माणूस एकाच गणवेशात. अशी पिढी त्या आधी आपल्यात नव्हती. मग १८९२ मध्ये इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जमाती' नावाचे नवे चातुर्वर्ण्य आले. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, गरज संपली तशी १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावे लागले, बेळगावला.

या बंदीने एक गोष्ट मात्र इंग्रजांच्या हिशेबाबाहेर घडली. पेन्शनीत निघालेले हवालदार, नाईक, जमादार गावोगाव परतले. कवायत त्यांच्या अंगात होती, वाचता-लिहिता येत होते आणि पेन्शन असल्यामुळे पाटलाच्या भाकरीवर ते अवलंबून नव्हते. १९२७ मध्ये समता सैनिक दल उभे राहिले, तेव्हा पोरांना रांगेत उभे राहायला आणि काठी धरायला याच माणसांनी शिकवले.

२० मार्च १९२७ ला महाडला काय झाले ते आठवा. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा पसरवून जमावाने आपल्या लोकांवर हल्ला केला. मंडपात जेवणाऱ्यांना मारले, परतीच्या वाटेवरच्यांना मारले. महाडात तेव्हा फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी लोक होते. युद्ध पाहिलेले. ते बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते आणि तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. हात बांधलेले नव्हते, दुबळे नव्हते, भाड्याचेही नव्हते. शेकडो वर्षांत पहिल्यांदा तयार हात स्वतःच्या नेत्याच्या, स्वतःच्या विचाराच्या ताब्यात होते. म्हणून ते उठले नाहीत, आणि म्हणूनच डिसेंबरमध्ये तेच हात मनुस्मृती जाळायला शिस्तीत उभे राहिले. फुनाकोशींच्या वीस सूत्रांमध्ये पहिला हल्ला न करण्याविषयी एक सूत्र आहे. मुलांना ते शिकवताना सरांनी महाडचे उदाहरण द्यावे, असे मी त्यांना सुचवले आहे.

आपल्या जिल्ह्यातला राखणदारीचा शेवटचा मोठा अध्याय शहाद्याचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सालदार भिल्ल अंबरसिंग सुरतवंती यांच्याबरोबर उभे राहिले, मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला गोळीबार झाला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली. तेव्हा बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढून पगारी राखणदार ठेवले. कोणापासून राखण? ज्याचा आजा जागल्या होता त्याच्यापासून! त्याच काळात शहादा तालुक्यातल्या आदिवासी बाया गावागावांत जथ्याने गेल्या, दारूचे मटके फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर जाब विचारला. त्यांनी कोणत्याही क्लासची फी भरली नव्हती. स्वसंरक्षणाचा इतिहास आपल्या मुलींना सांगायचा तर सुरुवात जपानपासून कशाला करायची?

आज नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. इथे पोरगा कराटेकडे वळतो त्यामागे सिनेमा असतोच, १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन' पासून जगभर तेच घडले. पण त्याहून जास्त असतो तो नोकरीचा हिशेब. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, भरतीत धावायचे आहे. सरकारी शाळांत मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याची केंद्राची योजना आहे. तीन महिने वर्ग आणि शाळेमागे महिन्याला ५००० रुपये. तीन महिन्यांनी वर्ग बंद, सर पुन्हा मोकळे. लहुजींची तालीम कोणाच्या योजनेवर चालत नव्हती, म्हणून ती टिकली. आपल्या विहाराच्या अंगणात आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग चालवायला आणि सरांना नियमित मानधन द्यायला काय लागते? जयंतीच्या डीजेचे बिल मी पाहिले आहे. ते पुरेसे आहे.

मी सरांना त्या काठीबद्दल पुन्हा विचारले. ती बांबूची आहे, खाली लोखंडी शेंबी आहे आणि वर पितळी कडे. कडे आजीने एका दुष्काळात विकले होते, आजोबांनी नंतर परत घडवून घेतले. सर ती क्लासमध्ये आणायला आधी तयार नव्हते. मुले हसतील म्हणाले. चौदा नोव्हेंबरला आणतो, असे त्यांनी आता कबूल केले आहे.